एको झाल्यावर पुन्हा सीटी कशासाठी?

प्रश्न : माझ्या आठ महिन्यांच्या मुलीला ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ हा जन्मजात हृदयदोष असल्याचे टू-डी एकोमध्ये कळले. आता शस्त्रक्रियेपूर्वी सर्जननी सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे क्ष-किरणांनी केलेले चित्रण) सांगितली आहे. एकोत काही राहून गेले का? एवढ्या लहान बाळाला किरणोत्सर्ग सोसेल का? शिवाय एकोच्या पडद्यावर हृदयात निळा रंग दिसत होता. ते अशुद्ध रक्त होते का?
— एक आई, सातारा

उत्तर : आधी निळ्या रंगाविषयी, कारण तपासणीच्या खोलीत पालकांची नजर तिथेच खिळते. एकोतले रंग रक्ताची शुद्धता नव्हे, तर दिशा दाखवतात. छातीवर टेकवलेल्या प्रोबकडे येणारे रक्त लाल आणि दूर जाणारे निळे दिसते. प्रोबची जागा बदलली, की तोच प्रवाह लालही दिसू शकतो. रक्तातला ऑक्सिजन बाळाच्या बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर सांगतो.

एको अपुरा झाला, असे समजू नका. जवनिकांमधले (हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधले) छिद्र आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाटेतला अरुंदपणा त्यात उत्तम कळतो. मात्र एको ज्या ध्वनिलहरींवर चालतो, त्या हवेतून नीट पार होत नाहीत आणि फुप्फुसांत तर हवाच भरलेली असते, त्यामुळे फुप्फुसधमनीच्या शाखा फुप्फुसात शिरल्या की एकोच्या नजरेआड जातात. त्या पुरेशा रुंद आहेत का, महाधमनीतून फुप्फुसाकडे जादा वाहिन्या फुटल्या आहेत का आणि हृदयालाच रक्त पुरवणारी एखादी कोरोनरी धमनी सर्जनना जिथे छेद द्यायचा नेमकी तिथूनच आडवी गेली आहे का, हे सीटीत दिसते. अशी आडवी धमनी थोड्याच मुलांत असते. पण असली, तर शस्त्रक्रियेची आखणीच बदलते.

किरणोत्सर्गाची शंका रास्त आहे आणि ‘काही होत नाही’ असे सांगून ती उडवून लावणे मला पटत नाही. मात्रा बाळाच्या वजनानुसार ठरवली जाते का, हे सीटी केंद्रात निःसंकोच विचारा. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो, पण बाळाला बराच वेळ निश्चल राहावे लागते, म्हणजे या वयात बहुधा भूल आली. सीटीचे चित्रण काही सेकंदांत आटोपते. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी उजव्या जवनिकेचे आकारमान मोजायला मात्र एमआरआयच सरस ठरतो.

तपासणीपूर्वी बाळाला किती वेळ उपाशी ठेवायचे, हे नीट विचारून घ्या. या दोषात रक्त दाट असू शकते आणि अंगातले पाणी कमी होणे बाधते. त्यामुळे नंबर लांबला, तर गप्प बसून राहू नका, नर्सना लगेच सांगा, म्हणजे शिरेतून सलाइन सुरू करता येईल.