पुराश्म, मध्याश्म, नवाश्म… आणि मग एकदम ताम्रपाषाण?

एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. शाळेची सहल उत्खननात प्राचीन वस्ती सापडलेल्या इनामगावला जायची आहे आणि माहितीपत्रक लिहायचे काम त्यांच्याकडे आले आहे. त्या विचारतात : "पुस्तकात पुराश्मयुग, मध्याश्मयुग, नवाश्मयुग असे ओळीने 'अश्म' येतात आणि पुढे एकदम 'ताम्रपाषाणयुग'. अश्म आणि पाषाण यांत काही फरक आहे का? इनामगावला नवाश्मयुगीन म्हणायचे की ताम्रपाषाणयुगीन? आमच्यातल्या एका सरांनी तर 'आदिमानवाची वस्ती' असे शीर्षक सुचवले आहे."

बाई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. अर्थात काडीचा फरक नाही. दोन्ही शब्द संस्कृतातले, दोन्हींचा अर्थ दगड, आणि दोन्ही ज्याच्या जागी बसवले तो इंग्रजी 'निओलिथिक' वगैरे नावांतला ग्रीक 'लिथॉस'ही दगडच. हिंदीवाल्यांनी सरसकट पाषाण घेतला : पुरापाषाण, मध्यपाषाण, नवपाषाण, ताम्रपाषाण. मराठीत पहिल्या तिघांना अश्म मिळाला आणि चौथ्याला पाषाण. माझा अंदाज असा की हे कानाने ठरवले असावे. 'पुरा' आणि 'नव' यांना 'अश्म' जोडला की संधी होऊन आटोपशीर शब्द तयार होतो. 'ताम्राश्म' व्याकरणाला चालेल, पण म्र आणि श्म ही जोडाक्षरे लागोपाठ आल्यामुळे जीभ अडखळते आणि ऐकणाऱ्याला वाटते, हा कुठला तरी तांबडा दगड असावा. 'ताम्रपाषाण' म्हटले की तांबे आणि दगड या दोन वस्तू वेगळ्या ऐकू येतात. हा द्वंद्व समास आहे, आणि अर्थाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. त्याकडे पुढे येतो.

अश्म शब्दाबद्दल एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. संस्कृत 'अश्मन्'चा सख्खा भाऊ पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तात, 'अस्मन्' म्हणून भेटतो. तिथे त्याचा अर्थ दगडही होतो आणि आकाशही. आकाश म्हणजे दगडी घुमट, अशी जुनी कल्पना त्यामागे असावी असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्याच घराण्यातून फारसीत 'आस्मान' आले आणि तिथून आपल्याकडे. म्हणजे शेतकरी ज्या अस्मानी-सुलतानीच्या नावाने कपाळाला हात लावतो त्यातले अस्मान आणि अश्मयुगातला अश्म हे नात्यातले निघाले. आणि हो, माहितीपत्रकात 'अष्मयुग' होऊ देऊ नका. ऊष्मा, ग्रीष्म यांच्या सवयीने हात पोटफोड्या ष कडे वळतो, 'जीवाष्म' तर छापूनही येते. इथे शहामृगाचा श.

आता दुसरा प्रश्न. तो शब्दाचा वाटतो, पण गाठ सगळी इतिहासात आहे. या नावांमधला 'दगड' दर वेळी वेगळे काम करतो.

दगड, कांसे, लोखंड अशी माणसाच्या भूतकाळाची तीन भागांत विभागणी कोपनहेगनच्या संग्रहालयातील वस्तू लावताना थॉमसन यांनी केली आणि १८३६ मध्ये ती छापून आली. पुढे १८६५ मध्ये जॉन लबक यांनी दगडाच्या काळाचे जुना आणि नवा असे दोन तुकडे केले. त्यांची कसोटी हत्यार कसे घडवले ही होती. टवके उडवून केलेले ते जुने, घासून गुळगुळीत केलेले ते नवे. म्हणजे पुराश्म आणि नवाश्म या दोन्ही शब्दांत दगड म्हणजे हत्यार. पुराश्मयुगाबाबत हे आजही चालते. नेवाशाजवळ चिरकीला मिळालेल्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या (रुंद धारेची दगडी हत्यारे) पाहिल्या की नावाबद्दल शंका उरत नाही, कारण त्या माणसांचे आपल्या हाती फारसे दुसरे काही राहिलेलेच नाही.

नवाश्म शब्दाचा अर्थ मात्र मधल्या मध्ये सरकला. गुळगुळीत कुऱ्हाडी करणारे लोक शेती आणि पशुपालन करणारेही होते हे ध्यानात येत गेले, आणि विसाव्या शतकात पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांच्या लेखनानंतर 'नवाश्म' म्हटले की डोळ्यांसमोर कुऱ्हाड न येता शेत येऊ लागले. बलुचिस्तानातल्या मेहरगढला सुमारे इ.स.पू. ७००० पासून सातू आणि गहू पिकत होता, शेळ्यामेंढ्या होत्या, आणि सुरुवातीच्या थरांत मातीची भांडी नव्हती. हे खरे नवाश्मयुगीन गाव. आपल्या शेजारी कर्नाटकातही नवाश्मयुगीन लोक होते. गुरे पाळणारे, मूग-कुळीथ पिकवणारे. त्यांच्या गोठ्यांच्या जागी जळक्या शेणाचे राखेचे ढिगारे आजही उभे आहेत, आणि बळ्ळारीजवळ संगनकल्लूला त्यांचा दगडी कुऱ्हाडी घडवण्याचा मोठा उद्योग होता.

महाराष्ट्रात मात्र ही पायरी वेगळी सापडत नाही. तापी, गिरणा, प्रवरा, घोड, भीमा यांच्या काठांवर इ.स.पू. २००० च्या आगेमागे जे पहिले शेतकरी दिसतात त्यांना तांबे ठाऊक होते. सावळदा, माळवा, जोर्वे ही त्यांच्या संस्कृतींची नावे. म्हणून आपल्याकडचे पहिले शेतकरी ताम्रपाषाणयुगीन. शेती आली म्हणजे नवाश्मयुग, हे समीकरण मेहरगढला बरोबर आणि इनामगावला चूक.

आणि आता तो द्वंद्व समास. ताम्रपाषाण म्हणजे तांबे आणि दगड, दोन्ही. पुष्कळजण घाईत 'ताम्रयुग' लिहितात आणि अर्धा शब्द गाळतात. गाळला जातो तो अर्धाच तर रोज हातात असायचा! तांबे इथले नव्हते, दुरून यायचे. त्याच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, मणी, बांगड्या होत्या, पण मोजक्या. कापणी, सोलणे, चिरणे हे दगडी पात्यांनीच चाले. स्टीलची भांडी घरात आली म्हणून पाटा-वरवंटा लगेच अंगणात गेला नव्हता, तसेच.

ही पाती कशी काढत ते पाहण्यासारखे आहे. आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत गारगोटीच्या जातीचे दगड सापडतात, कॅल्सेडोनी, अकीक वगैरे. असा गोटा घेऊन त्याच्या एका कडेला आलटून पालटून टोले देत नागमोडी धार उभी करायची. मग त्या धारेच्या टोकाशी नेमका दाब दिला की ती सबंध धारच लांब सालीसारखी सुटून येते. तिच्यामागे गाभ्यावर सरळ कडा तयार झालेल्या असतात, आणि त्यांच्या आधाराने एकामागून एक, दोन्ही बाजू समांतर असलेली पाती निघत राहतात. लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ती ओळीने बसवली, डिंकाने चिकटवली की झाला विळा. पाते बोथट झाले तर तेवढेच बदलायचे.

या बारक्या हत्यारांना मराठीत 'सूक्ष्मास्त्रे' म्हणतात. शब्द रुळला आहे, मी बदला म्हणणार नाही. पण अस्त्र म्हणजे फेकायचे (मूळ धातू अस्, फेकणे) आणि शस्त्र म्हणजे कापायचे. बाणाच्या टोकाला बसवलेल्या तुकड्याला अस्त्र शोभते. सातूची कणसे कापणाऱ्या पात्याला ते नाव म्हणजे उगाच युद्धाचा आव. माहितीपत्रकात मुलांसाठी 'छोटी दगडी पाती' लिहिलेत तर जास्त कळेल.

याच ओघात 'महापाषाण' शब्दालाही जपा. विदर्भात नागपूरजवळ जुनापाणी, माहूरझरी इथली शिळावर्तुळे महापाषाणीय म्हणतात. नावात दगड मोठा झाला म्हणून काळ जुना असे मुले हमखास समजतात. प्रत्यक्षात ते लोक लोखंड वापरणारे होते. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीही मिळाली आहे. तिथला पाषाण हत्याराचा नाही, दफनाभोवती रचलेल्या दगडांचा.

राहिले ते सर आणि त्यांचा आदिमानव. बातम्यांतही हा शब्द वाटेल तिथे चिकटवतात. 'आदिमानव' ही शास्त्रातली नेमकी संज्ञा नाही, ढोबळ बोली आहे. हातकुऱ्हाडी घडवणाऱ्या, आपल्याहून वेगळ्या मानवजातींसाठी ती वापरली तर मी हरकत घेणार नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी शहामृगाच्या अंड्याच्या कवचीचे मणी करणारे लोकही शरीराने तुमच्या-माझ्यासारखेच होते, मग इनामगावकर आदिमानव कसे?

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात इनामगावला शंभराहून जास्त घरे उजेडात आली. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० एवढी गावाची वस्ती. कुडाच्या भिंतींची चौकोनी घरे, एक पाच खोल्यांचे मोठे घर, त्याच्या शेजारी धान्याचे कोठार, पुराचे पाणी वळवणारा पाट. मूल दगावले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला पुरताना बहुधा घोट्याखालची पावले तोडत. का, यावर तर्क बरेच आहेत. मेलेला परत चालत येऊ नये म्हणून, हा त्यांतला एक.

शेवटच्या तीन शतकांत मात्र तिथे चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसतात. पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकरांनी याचा संबंध कोरड्या पडलेल्या हवामानाशी लावला. 'युग' शब्दाबद्दल माझी कुरकुर आहे ती इथेच. युग म्हटले की शिडी वाटते, एक संपले की वरचे दुसरे. इनामगावात पुढच्या पिढ्यांना मागच्यांपेक्षा गरिबीत दिवस काढावे लागले. शिवाय मेहरगढचे नवाश्मयुग आणि आपले ताम्रपाषाणयुग यांत चार-पाच हजार वर्षांचे अंतर आहे. त्यामुळे नुसते 'ताम्रपाषाणयुगात' असे लिहून सोडू नका, ठिकाण आणि सनावळी सोबत द्या.

शीर्षक मी असे करेन : 'इनामगाव : ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे गाव'. शब्द सलग लिहा, 'ताम्र पाषाण युगीन' असे तीन तुकडे नकोत. 'ताम्रपाषाणकालीन'ही चालेल. आणि भांड्यांबद्दल लिहाल तेव्हा 'जोर्वे भांडी' असे गावाच्या नावानेच लिहा. संगमनेर तालुक्यातल्या या गावी १९५०-५१ मध्ये ती प्रथम ओळखली गेली. 'जोरवे' असेही लिहिलेले आढळते, दोन्हींपैकी कुठलेही एक धरा आणि पत्रकभर तेच ठेवा.