काकू पेला घरून घेऊन आल्या होत्या

मी पाणी पुढे केलं तशी काकूंनी पिशवीतून स्टीलचा पेला काढला. "माझा मी आणलाय, मॅडम. तुमच्या भांड्याला माझं तोंड नको." (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

वय ५८, मधुमेह १४ वर्षं, इन्सुलिन ६ वर्षं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, त्यात 'एचसीव्ही पॉझिटिव्ह' निघालं, म्हणजे हिपॅटायटिस सी या लिव्हरच्या आजाराचा विषाणू. तेव्हापासून ताट-पेला वेगळा, नातवाला जवळ घेणं बंद. घरच्यांनी नाही, त्यांनीच ठरवलेलं. डोक्यात एकच घोळत होतं, "साखरेच्या सुयांनीच झालं ना हे? इन्सुलिन सोडू का?"

मधुमेही हा प्रश्न मला नेहमी विचारतात. इन्सुलिनने हिपॅटायटिस सी होत नाही. दुसऱ्याचं रक्त आपल्या रक्तात गेलं की होतो, आणि त्याला डोळ्यांना न दिसणारा थेंबही पुरतो. म्हणून मी काकूंना साखर मोजायचं मशीन दाखवायला सांगितलं. चेन तुटलेलं काळं पाउच, आत बोट टोचायचं पेन, त्यात एकच सुई.

"कधी बदलता?"

"बोथट झाली की."

"आणखी कोण वापरतं?"

यजमान, दीर, शेजारच्या वहिनी. पेनच्या टोपणात आतून तपकिरी डाग वाळला होता.

मग इथूनच आलं का? तसं म्हणता येत नाही. १९९४ मध्ये गर्भपिशवीच्या ऑपरेशनला त्यांना रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या होत्या, आणि तेव्हा रक्तपेढ्यांना हिपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची नव्हती. 'कुठून आलं' हे मी फार उकरत नाही. घरातलंच कोणीतरी आरोपी होऊन बसतं. पेन वापरणाऱ्या तिघांना तेवढं तपासायला लावलं. तिघेही निगेटिव्ह.

काकूंचा पहिला रिपोर्ट अँटिबॉडीचा, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेल्या प्रथिनांचा होता. विषाणू कधीतरी शरीरात आला होता, एवढंच त्यातून कळतं. काहींच्या अंगातून तो आपोआप जातोही. आत्ता आहे का, ते रक्तात खुद्द विषाणू शोधणारी आरएनए तपासणी सांगते. काकूंची तीही पॉझिटिव्ह आली. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला, त्यातून गोळ्या मोफत मिळतात. काकूंना १२ आठवड्यांचा कोर्स दिला. शंभरात ९५ हून जास्त लोक बरे होतात, मधुमेह असला तरी.

"आणि ताट?" जाताना दारातून विचारलं.

"सगळ्यांबरोबर. ब्रश, नेलकटर आणि ते पेन मात्र तुमचं एकटीचं."

एक गोष्ट मी नीट ठासून सांगितली नव्हती. हा विषाणू शरीराला इन्सुलिनला नीट दाद देऊ देत नाही; तो ओसरला की तोच डोस जास्त होऊ शकतो. पाचव्या आठवड्यात काकू पहाटे घामाने भिजून उठल्या, मशीनवर साखर ६२, फारच उतरलेली. डॉक्टरांनी डोस उतरवला. आता हे मी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून देते.

कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए तपासलं, विषाणू सापडला नाही. पुढे दुसऱ्या डोळ्याच्या वेळी रडवेला फोन, "मॅडम, परत पॉझिटिव्ह!"

"कसली तपासणी लिहिलीय? वाचा."

अँटिबॉडीच होती. ती बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात राहते. म्हटलं, आरएनएचा शेवटचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावा आणि डॉक्टरांना आधी तोच दाखवा.

"लावते. आणि ऐका, पाउचवर मार्करने नाव घातलंय माझं. वहिनी दोन दिवस फुगल्या होत्या, काल नवीन मशीन घेऊन आल्या."