ब्लोअर बसवलेल्या व्ही-8 इंजिनाला व्हॅक्यूमच्या नळ्या कुठून घ्यायच्या?

तुमचा प्रश्न मला असा समजला: चेव्हीच्या (शेव्रोलेच्या) 350 इंजिनावर 6-71 ब्लोअर (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप) आणि त्यावर दोन हॉली कार्ब्युरेटर बसवलेत. आता ब्रेक बूस्टर (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणारा), पीसीव्ही (क्रँककेसमधली वाफ ओढून घेणारा व्हॉल्व्ह), डिस्ट्रिब्युटर आणि बूस्ट गेज (बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब, म्हणजे बूस्ट, दाखवणारा) या चौघांना मॅनिफोल्डवरच्या (सिलिंडरांना मिश्रण वाटणाऱ्या भागावरच्या) एकाच टी-जोडातून नळ्या दिल्या तर चालेल का?

नाही चालणार. शिवाय एक पाचवी नळी तुमच्या यादीत नाहीच, आणि इंजिनाचा जीव तिच्यावर आहे.

साध्या इंजिनात थ्रॉटलच्या खाली व्हॅक्यूम एकच, नळी कुठूनही काढा. ब्लोअर बसला की जागा दोन होतात. कार्ब्युरेटर आणि रोटर (ब्लोअरच्या आतली फिरती पाती) यांच्या मधली ‘वरची’, आणि रोटरच्या खाली मॅनिफोल्डमधली ‘खालची’. वर बूस्ट येत नाही. तिथे व्हॅक्यूम तरी असतो, नाहीतर बाहेरच्या हवेइतका दाब. खाली मात्र आइडलला व्हॅक्यूम, आणि पाय दाबला की बूस्ट. (6-71 हा मुळात जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेलचा ब्लोअर: 6 सिलिंडर, प्रत्येकी 71 घन इंच. त्या डिझेलला पेट्रोल इंजिनासारखा थ्रॉटलच नव्हता, त्यामुळे व्हॅक्यूमचा हा घोळ तिथे कधी झालाच नाही.)

मी डेट्रॉइटजवळ राहतो. माझ्या 1969 च्या कॅमारोवर हीच जोडणी आहे, पूर्ण थ्रॉटलला 8 पीएसआय बूस्ट मिळतो. एक गेज वर, एक खाली लावून मी हायवेच्या लांब चढावर गाडी अर्ध्या थ्रॉटलवर धरली. वरचा काटा 8 इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दाखवत होता आणि त्याच क्षणी खालचा 2 पीएसआय बूस्ट. इंजिन बूस्टमध्ये, पण कार्ब्युरेटरला वाटतंय की गाडी निवांत चाललीय.

आता पाचवी नळी. हॉलीमधला पॉवर व्हॉल्व्ह व्हॅक्यूम पडला की उघडतो आणि जादा पेट्रोल सोडतो. त्यावर 65 छापलं असेल तर तो 6.5 इंचाला उघडतो. साध्या कार्ब्युरेटरमध्ये त्याला खबर मिळते बुडाकडून, म्हणजे ‘वरून’. तिथे 8 इंच असतील तर तो बंदच राहणार, आणि खाली बूस्ट असताना मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) पडणार. मला हे कळेपर्यंत एक पिस्टन गेला होता. त्याआधी आठवडाभर चढावर तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज यायचा, म्हणजे नॉकिंग (मिश्रण सिलिंडरमध्ये आपोआप भडकणं). प्लग काढले तेव्हा पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे चकचकीत कण चिकटलेले दिसले. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. म्हणून बुडातला तो मार्ग बुजवून पॉवर व्हॉल्व्हला ‘खालून’ स्वतंत्र नळी द्या, दोन्ही कार्ब्युरेटरना. खास ब्लोअरसाठी बनवलेले कार्ब्युरेटर असतील तर ही सोय आधीच असते. नळी जोडायची तेवढी राहते. तुमचे कोणते आहेत ते आजच बघा.

डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम ॲडव्हान्स (व्हॅक्यूम असताना ठिणगी लवकर पाडणारी सोय) ठेवायचाच असेल तर तोही खालून. वरून दिला तर बूस्टमध्येसुद्धा टायमिंग पुढे ओढलेलं राहतं, म्हणजे पुन्हा तीच तडतड. बूस्ट गेज आणि बूस्टप्रमाणे टायमिंग मागे घेणारा बॉक्स असेल तर तो, दोन्ही खालून.

पीसीव्ही वरून, कार्ब्युरेटरच्या बुडाशी. खालून घेतला आणि व्हॉल्व्ह नीट बसला नाही तर बूस्ट सरळ क्रँककेसमध्ये शिरतो, डिपस्टिक वर उडते आणि सील तेल गाळायला लागतात. दुसऱ्या व्हॉल्व्ह कव्हरला मोठा ब्रीदर (दाब बाहेर सोडणारं तोंड) हवाच, कारण पूर्ण थ्रॉटलला वर व्हॅक्यूम उरत नाही आणि बूस्टमध्ये ब्लो-बाय (पिस्टनच्या कडेने क्रँककेसमध्ये निसटणारा वायू) वाढतो. पीसीव्हीच्या नळीत मध्ये ऑइल कॅच कॅन (तेल अडवणारा डबा) लावा. तेलाची वाफ मिश्रणात गेली की नॉकिंग लवकर सुरू होतं.

ब्रेक बूस्टरही वरूनच बरा, तिथला व्हॅक्यूम जास्त खोल असतो. त्याचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हातात घेऊन तोंडाने तपासा: बूस्टरकडच्या टोकातून फुंकर पार गेली पाहिजे, इंजिनाकडच्या टोकातून अजिबात नाही. कॅम तापट (आइडलला व्हॅक्यूम कमी देणारा) असेल आणि आइडलला पेडल कडक लागत असेल तर इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप घ्या. ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको.

खालच्या नळ्या प्लेनममधून (मॅनिफोल्डमधल्या सामाईक पोकळीतून) घ्या, एखाद्या सिलिंडरच्या रनरमधून (त्या एकाच सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेतून) नको. तिथे काटा थरथरतो. बहुतेक ब्लोअर मॅनिफोल्डला 1/8 एनपीटीचं (पाइपच्या आट्यांचं एक माप) बुजवलेलं भोक असतं. नसेल तर मॅनिफोल्ड उतरवूनच ड्रिल करा, कीस आत पडता कामा नये. गेज आणि पॉवर व्हॉल्व्ह यांच्या नळ्यांवर दुसरं काही टी करून जोडू नका.

आणि क्लॅम्प. व्हॅक्यूममध्ये रबरी नळी निपलवर आपोआप ओढली जाते, म्हणून जुन्या गाड्यांत ती नुसती खोचलेली चालते. बूस्ट तिला बाहेर ढकलतो. खालच्या प्रत्येक नळीला दोन्ही टोकांना क्लॅम्प लावा आणि पहिल्या फेरीनंतर गरम इंजिनावर एकेक नळी ओढून बघा. पॉवर व्हॉल्व्हची आधी.