मधोमध नुसता पांढरा गोळा

प्रश्न: नरतुरंग तारकासमूहातल्या ओमेगा सेंटॉरी या गोलाकार तारकागुच्छाचा फोटो काढला. कडेचे तारे सुटे आले, मध्ये मात्र पांढरा गोळा. काय चुकलं? (एक वाचक, सातारा)

उत्तर: एक्स्पोजर दोन मिनिटांचं दिलंत ना? पहिल्या वर्षी मीही तेच केलं आणि साबुदाण्याचा लगदा हाती आला! तिथे सुमारे १ कोटी तारे. मधला भाग लगेच जळतो, म्हणजे जास्त प्रकाशाने नुसता पांढरा होतो. आता मी १५ सेकंदांचे शंभरेक फोटो घेऊन स्टॅक करतो, म्हणजे सॉफ्टवेअरने एकावर एक रचून त्यांचा एकच फोटो करतो. फोकस आधी चित्रा ताऱ्यावर, बाहतिनोव्ह मास्क (फोकस अचूक जुळवण्यासाठी लेन्सपुढे लावायची खाचांची जाळी) लावून. आणखी एक, साताऱ्याहून हा गुच्छ जेमतेम २५ अंश वर चढतो, मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास. त्याच वेळी टिपा, आणि दक्षिणेला गावाचे दिवे नसतील अशीच जागा शोधा. माझ्या गच्चीवरून दक्षिणेला नेमका मंगल कार्यालयाचा झगमगाट, त्यामुळे मे महिना गेलाच म्हणायचा.