दक्षिणेच्या छोट्या टेरेसवर फुलं आणि भाज्या: आधी ऊन मोजा, मग कुंडी निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात फ्लॅटला आठ बाय पाचची टेरेस, तोंड दक्षिणेला, पुढे ग्रिल, डोक्यावर वरच्या मजल्याचा स्लॅब. नोव्हेंबरात नर्सरीतून वीसेक कुंड्या आणल्या, तेव्हा सगळं छान होतं. मार्चनंतर टोमॅटो उंच आणि लुकडा झाला, फुलं येऊन गळाली. मिरचीची पानं आकसली. शेवंती आणली तेव्हा फुलांनी भरलेली, पण पुढच्या हिवाळ्यात एक कळी नाही. घरात पूजेला फुलं हवीत आणि मुलाला भाज्या वाढताना दाखवायच्या आहेत. "माझ्या हातालाच गुण नाही का?" असं तुम्ही शेवटी विचारलंय.

हाताचा काही संबंध नाही. तुमच्या टेरेसवरचं ऊन मार्चमध्ये निघून गेलं, आणि झाडं मात्र जिथल्या तिथे राहिली.

पुण्यात डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य डोक्यावर नसतो, दक्षिणेकडे बराच कललेला असतो. त्यामुळे स्लॅब नऊ फुटांवर धरला, तर ऊन त्याच्या खालून आत शिरतं, तुमची पाच फूट फरशी ओलांडतं आणि मागच्या भिंतीवर चढतं. एप्रिलच्या सुरुवातीला तेच दुपारचं ऊन ग्रिलपासून जेमतेम दोन फूट आत येतं. 13-14 मेच्या सुमारास पुण्यात शून्य सावली दिवस असतो, सूर्य बरोबर माथ्यावर. तिथून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो, म्हणजे तुमच्या टेरेसला दुपारचं थेट ऊन नाहीच. सकाळ-संध्याकाळ कडेने तिरपं काही आलं तर तेवढंच. ऑक्टोबरात ते पुन्हा आत येऊ लागतं. पश्चिमेच्या टेरेसचं गणित याच्या उलट, तिथे एप्रिल-मे म्हणजे भट्टी. म्हणून इतरांचे सल्ले वाचताना त्यांच्या टेरेसची दिशा आधी विचारा. फरशीवर खडूने दर महिन्याला उन्हाची रेघ मारून ठेवा. वर्षभरात तुमच्या टेरेसचा नकाशाच तयार होईल आणि तो कुठल्याही पुस्तकापेक्षा तुमच्या कामाचा असेल.

यावरून लागवड आपोआप ठरते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तुमचा भाज्यांचा मोसम. टोमॅटो, वांगी, मिरची, मुळा, मेथी, कोथिंबीर, पालक, झेंडू, शेवंती, सगळं तेव्हाच. सध्या ऑगस्ट चालू आहे, म्हणजे टोमॅटोचं बी महिनाअखेरीस टाकायला अगदी योग्य वेळ. सप्टेंबरच्या शेवटी रोपं मोठ्या कुंडीत जातील आणि थंडीत फळं धरतील. मार्चनंतर टोमॅटोचा हट्ट सोडा. रात्रीसुद्धा गरम राहू लागलं की टोमॅटोचे परागकण कमजोर होतात, फलधारणा होत नाही आणि फूल देठासकट गळतं. त्यावर कुठलंही टॉनिक चालत नाही. नर्सरीवाला देईल, घेऊ नका.

मार्च ते सप्टेंबर सावलीत खूश राहणारी मंडळी आणा. अळू, पुदिना, पानओवा आतल्या बाजूला, आणि ग्रिलला लागून मायाळू आणि गोकर्ण, कारण वेल चढून स्वतःच बाहेरचं ऊन गाठतो. पूजेसाठी अबोली लावाच. ती अर्ध्या सावलीत समाधानाने फुलते आणि तिला लाड लागत नाहीत. सोनटक्का मोठ्या टबात लावा. त्याला पाय ओले आवडतात, पावसाळ्याच्या उत्तरार्धात तो फुलला की संध्याकाळी घरभर वास दरवळतो. तेरडाही पावसाळ्यात ग्रिलजवळ छान येतो, गौरी आणायला घरचा तेरडा याचं सुख वेगळं. मोगऱ्याचं मात्र स्पष्ट सांगते: त्याचा बहर उन्हाळ्यात, त्याला तेव्हा पाच-सहा तास कडक ऊन लागतं, आणि नेमकं तेव्हाच तुमच्याकडे ते नाही. पानं भरपूर येतील, कळ्या नाहीत. ज्यांच्याकडे वरची गच्ची आहे त्यांना तो देऊन टाका.

आता कुंड्या. वीस छोट्या कुंड्यांपेक्षा सहा-सात मोठ्या बऱ्या, हे मी अगदी आग्रहाने म्हणते. बारा इंची कुंडीत साधारण पंधरा लिटर माती मावते. सहा इंची कुंडीत निम्मी मावेल असं वाटतं, प्रत्यक्षात मावते आठवा हिस्सा, म्हणजे दोन लिटरही नाही. फळावर आलेला टोमॅटो गरम दिवशी लिटरभर पाणी सहज पितो. दोन लिटर मातीत तो सकाळी तुडुंब आणि दुपारी कोरडा, असं रोज चालतं. फळाचं बूड काळं पडून आत जातं ना, ते बहुतेकदा याच हेलकाव्यामुळे. पाणी तुटलं की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही, मग मातीत कितीही अंड्याची टरफलं घाला. टोमॅटो आणि वांग्याला वीस लिटरचा रंगाचा डबा (बुडाला पाच-सहा भोकं पाडून) उत्तम. मिरचीला दहा-बारा इंची कुंडी चालते. पालेभाज्यांना खोली नको, पसारा हवा. भाजीवाल्याचा प्लास्टिकचा क्रेट घ्या, आत शेडनेटचा तुकडा अंथरा, वीतभर माती पुरे.

माती म्हणजे नुसती काळी माती भरू नका. ती कुंडीत ओली झाली की चिखल होते, वाळली की भेगा पडून कडेने सुटते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या, त्यात क्षार असतात. त्याची एक खोड लक्षात ठेवा: वरून कोरडं दिसतं तेव्हा आत ओल असते. म्हणून बोट दोन पेरं आत घालून बघा आणि मगच पाणी द्या. वर सुक्या पानांचा दोन बोटं थर दिलात तर पाणीही वाचेल आणि पानं कुजून मातीही सुधारेल. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी आणि प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या त्यांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळ्याचं हे महत्त्व आपल्याकडे कितीतरी आधी सांगून ठेवलंय. सोसायटीत झाडून जाळायला नेतात तो पाला माळीदादांकडून मागून घ्या.

मिरचीची आकसलेली पानं म्हणजे बोकड्या, चुरडा-मुरडाही म्हणतात. पान उलटं करा आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून शिरांच्या कडेला बघा. पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार आला असेल तर बहुधा फुलकिडे, ते पिवळट, सुतासारखे बारीक असतात आणि डिवचले की सरकतात. पानं खाली वळून देठ लांबलेला असेल तर कोळी नावाची बारीक कीड (जाळं विणणारा कोळी नव्हे), ती नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. दोन्हींत पहिला उपाय एकच: शेंड्याची वाकडी पानं खुडून पिशवीत बांधून टाका आणि पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा. फुलकिड्यांवर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, आठवड्यातून एकदा, ऊन उतरल्यावर. कोळ्यावर पाण्यात मिसळणारं गंधक, पाकिटावरच्या प्रमाणात. पण तेलाची फवारणी झाली असेल तर मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं करपतात. पूर्ण झाड आकसलं असेल आणि नवी फूटही वाकडीच येत असेल तर तो विषाणू. मग उपटून टाका, जीव लावू नका, शेजारची झाडं वाचवा.

शेवंतीचं कारण तुमच्याच प्रश्नात दडलंय. टेरेसचा दिवा रात्रभर चालू असतो असं तुम्ही सहज लिहून गेलात. शेवंतीला कळ्या धरायला लांब, अखंड काळोखी रात्र लागते. मध्येच उजेड पडला की तिच्या लेखी रात्र मोडली. फुलशेतीत बहर पुढे ढकलायचा असेल तर शेवंतीवर मुद्दाम रात्री बल्ब लावतात, तेच तुमच्याकडे नकळत झालं. सप्टेंबरपासून एकतर तो दिवा बंद ठेवा किंवा कुंडी उजेड पोचणार नाही अशा कोपऱ्यात न्या. आत्ता ऑगस्टअखेरपर्यंत शेंडे खुडा म्हणजे फांद्या फुटतील, नंतर खुडू नका. बहर संपल्यावर झाड जमिनीलगत छाटा आणि बुडाशी फुटलेली पिलं वेगळी लावा.

जड कुंड्या भिंतीलगत किंवा कोपऱ्यात, ग्रिलवर लटकवलेलं काही नको. प्रत्येक कुंडी विटांवर किंवा स्टँडवर ठेवा, म्हणजे फरशी वाळते आणि खालच्या मजल्यावर ओल उतरत नाही. ताटल्यांतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओता. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडाभरात पिढी तयार होते.

मुलासाठी मेथीपासून सुरुवात करा, दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात आणि लहान मुलाला तेवढाच धीर असतो. कोथिंबिरीचे धणे हाताने रगडून दोन डाळी करायला त्यालाच सांगा, पण उगवायला आठ-दहा दिवस लागतील हे आधी सांगून ठेवा. पुढे टोमॅटोला फुलं आली की त्याला रोज सकाळी दहाच्या सुमारास फुलोऱ्याच्या देठावर टिचकी मारायचं काम द्या. टोमॅटोचे पराग फुलाच्या आतल्या नळीत असतात. शेतात वारा आणि भुंगे फूल हलवतात, बंदिस्त टेरेसवर ते काम त्याच्या बोटाने होईल. चार-पाच दिवसांत पाकळ्या वाळून मागे हिरवा मणी दिसला तर फळ धरलं.

बियांचं पाकीट घेताना पॅकिंगची तारीख बघा, आणि धणे, मेथी तर स्वयंपाकघरातलीच वापरा, वेगळी घेऊ नका.