दोन फोनांचं भाडं, घर एकच

प्रश्न : आमच्याकडे १९९४ पासून बीएसएनएलचा फोन आहे, यजमानांच्या नावावर. ते आता नाहीत. नातवाच्या ऑनलाइन शाळेच्या वेळी दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलं : १०० एमबीपीएस, ६९९ रुपये आणि वर कर. लँडलाइनचं बिल करासकट साडेतीनशेच्या घरात येतं. फोन महिन्यातून दोन-तीनदा वाजतो, त्यातला एक राँग नंबर असतो. मुलगा म्हणतो, बंद करून टाक. पण गॅसवाल्यापासून सांगलीच्या नणंदेपर्यंत सगळ्यांकडे तोच नंबर आहे. डिपॉझिटची पावतीही जपून ठेवलीय. खर्च कमी कसा करू?
– एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, आधी फायबरची जी पांढरी डबी भिंतीवर लावून गेलेत, तिची मागची बाजू बघा. आम्ही टेलिफोन खात्यातली माणसं तिला ओएनटी म्हणतो. इंटरनेटच्या वायरीची रुंद भोकं असतात, त्यांच्या शेजारी एखादं अरुंद भोक दिसेल. वर ‘फोन’, ‘टेल’ नाहीतर ‘पॉट्स’ असं काहीतरी छापलेलं. त्यात तुमचा नेहमीचा बटणांचा फोन जोडता येतो. फायबरच्या बहुतेक घरगुती प्लॅनमध्ये फोनची सोय आणि देशभरातले कॉल धरलेलेच असतात. फक्त कंपनीला सांगून नंबर चालू करून घ्यावा लागतो. इन्स्टॉलेशनला आलेला मुलगा हे सांगत बसत नाही, कारण त्याला पुढच्या घरी जायचं असतं. तर तुम्ही दोन फोनांचे पैसे भरताय आणि त्यातला एक कधी जोडलेलाच नाही.

हिशेब मांडू. ६९९ वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८२५. त्यात लँडलाइनचे साडेतीनशे, एकूण ११७५. वर्षाचे चौदा हजार. नुसती लँडलाइन काढलीत तरी वर्षाला ४,२०० वाचतात.

पण उद्या सकाळी अर्ज घेऊन एक्स्चेंजला जाऊ नका. तुमची खरी अडचण नंबरची आहे. मोबाइलचा नंबर २०११ पासून देशभर या कंपनीतून त्या कंपनीत नेता येतो. लँडलाइनला ती सोय नाही. तुमचा नंबर आत्ताच्या फायबर कंपनीत जाणार नाही. ती नवा नंबर देईल आणि जुना सोडलात की तो गेलाच. मात्र लँडलाइन ज्या कंपनीची, तिचंच फायबर घेतलंत तर तांब्याच्या तारेवरचा नंबर बहुतेक ठिकाणी तसाच फायबरवर घेता येतो. अर्जात ‘नवीन कनेक्शन’ लिहू नका, ‘आहे त्या लँडलाइनचं फायबरमध्ये रूपांतर, नंबर तोच’ असं लिहा. खिडकीवरच्या माणसाला नवीन कनेक्शनचा फॉर्म पुढे करायची सवय असते.

तेव्हा नंबर हवा की नको, हे पहिल्यांदा ठरवा. ठरत नसेल तर दोन महिने लँडलाइनचे कॉल स्वतःच्या मोबाइलवर फॉरवर्ड करून ठेवा आणि कोण करतंय ते वहीत टिपा. फॉरवर्ड झालेला कॉल तुमच्या बिलात धरतात का, तेवढं आधी विचारून घ्या. माझा अंदाज असा की नणंदबाई सोडल्या तर बाकी सगळे विमा विकणारे निघतील. नणंदबाईंना नवा नंबर कळवायला एक फोन पुरतो. गॅस, बँक, पॉलिसी यांना तसाही मोबाइलच हवा असतो, कारण लँडलाइनवर ओटीपीचा मेसेज येत नाही.

नंबर हवाच असेल तर बीएसएनएलच्या फायबरची चौकशी करा. पाचशेच्या आतले प्लॅन असतात. ४९९ धरले तर करासकट ५८९. म्हणजे आजच्या ११७५ च्या निम्म्यात इंटरनेट आणि जुना नंबर दोन्ही. वेग १०० च्या ऐवजी ३० ते ५० मिळेल. घरात नातवाचा क्लास, तुमच्या मालिका आणि मुलाचा लॅपटॉप एवढंच असेल तर तो पुरतो. एक मात्र लक्षात ठेवा : अनेक गावांत हे फायबर कंपनीची माणसं टाकत नाहीत, भागीदारीतला स्थानिक केबलवाला टाकतो. तार तुटली की धावणारा तोच. म्हणून कंपनीचं नाव बघून ठरवू नका. तुमच्याच गल्लीत ज्याच्याकडे हे कनेक्शन आहे त्याला विचारा, ‘मागच्या पावसाळ्यात डबीवर लाल दिवा, म्हणजे लाइन बंद, किती दिवस होती?’ उत्तर ऐकून चेहरा पडला तर आहे ते फायबर ठेवा. नवं नीट चालू झाल्याशिवाय जुनं कापू नका, आणि जुन्याचे पैसे वर्षाचे भरलेले असतील तर मुदत संपेपर्यंत थांबा. उरलेल्या महिन्यांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

नंबर नको असेल तर काम आणखी सोपं. लँडलाइन बंद करा आणि आहे त्याच कंपनीत खालच्या प्लॅनवर या. ३९९ चा मिळाला तर करासकट ४७१. आजच्या तुलनेत वर्षाला आठ हजारांच्या वर सुटतात.

आता डिपॉझिट. तेवढ्यासाठी लँडलाइन चालू ठेवणं म्हणजे दोन हजारांच्या पावतीसाठी वर्षाला चार हजार भरणं. कनेक्शन बंद केलं की थकबाकी वजा करून डिपॉझिट परत मिळतं. पण तुमच्या बाबतीत घाई नको. कनेक्शन यजमानांच्या नावावर आहे, म्हणून परतावाही त्यांच्याच नावाने निघेल आणि तो चेक वटवायला त्यांचं खातं चालू नसेल. त्यामुळे आधी वारस म्हणून कनेक्शन तुमच्या नावावर करा : मृत्यूचा दाखला, तुमचं आधार, बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र. मग बंद करण्याचा अर्ज द्या. फायबरमध्ये रूपांतर करायचं असलं तरी नाव बदलून घेणंच बरं. अर्जाची दुसरी प्रत न्या, तिच्यावर शिक्का आणि तारीख घ्या, फोनचं यंत्र कंपनीचं असेल तर ते जमा करून पावती मागा. तोंडी सांगून बंद केलेल्या फोनांची बिलं वर्षानुवर्षं छापली गेलेली मी आमच्या खिडकीवर पाहिली आहेत.

आणि एक, हे मुलाला वाचायला द्या. हॉलमधल्या रोझेटमधून, म्हणजे फोनची वायर जोडायच्या भिंतीवरच्या छोट्या डबीतून, आतल्या खोलीत समांतर फोन नेला असेल तर ती घरातली वायर फायबरच्या फोनलाही वापरता येते. पण बाहेरून डीपीवरून, म्हणजे गल्लीतल्या टेलिफोनच्या पेटीवरून, येणारी जुनी तार आधी रोझेटमधून पूर्ण सोडवा. तिच्यावर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट असतात, घंटी वाजताना त्याहून जास्त. ते फायबरच्या डबीच्या फोनच्या भोकात शिरले तर डबी जळू शकते, आणि ती भरून द्यावी लागते तुम्हालाच. दोन्ही तारा एकाच रोझेटमध्ये कधीही एकत्र नकोत. गोल चकतीचा फोन असेल तर तो बहुतेक डब्यांवर वाजेल, पण त्यावरून नंबर फिरवता येणार नाही.

प्रश्न : वीज गेली तरी जुना फोन चालायचा. फायबरवर तो बंद पडतो. वडील एकटे राहतात, म्हणून तांब्याची लाइन ठेवावी का?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांकडून त्याच तारेतून यायची, म्हणून तो चालायचा. डबीला घरची वीज लागते. त्यावर राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, दीड-दोन हजारांत. घेताना डबीच्या अडॅप्टरवरचा आकडा बघा : बऱ्याचदा १२ व्होल्ट असतं, पण अँपिअर वेगवेगळे असतात आणि यूपीएसने तेवढे द्यायला हवेत. खोक्यावर चार तास लिहिलंय म्हणून चार तास धरू नका. गल्लीतल्या केबलवाल्याच्या पेटीला बॅटरी नसेल तर तुमचा यूपीएस चालू राहूनही लाइन मेलेलीच राहील, तेव्हा हे त्याला आधी विचारा.

तांब्याची लाइन तुमच्याकडे खरोखर नीट चालत असेल आणि वडिलांना मोबाइल जमत नसेल, तर ठेवा. त्या तीन-चारशे रुपयांत काटकसर करू नये असं मला वाटतं. पण जागोजागी तांबं काढून फायबर टाकण्याचंच धोरण आहे. रस्ता खणताना केबल तुटली तर ती पुन्हा जोडायला कोणी येईल याची खात्री मी देणार नाही. म्हणून बटणांचा साधा मोबाइल वडिलांच्या उशाशी असूच द्या.

प्रश्न : माझ्या फायबरबरोबर लँडलाइन फुकट आहे, मी ती वापरतच नाही. काढून टाकली तर बिल कमी होईल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. फोन प्लॅनच्या किमतीत धरलेला असतो, तो न घेतल्याची सूट कोणी देत नाही. त्यापेक्षा वापरा. सोसायटीच्या नोंदवहीत, कुरिअरला, शोरूमच्या फॉर्मवर हाच नंबर द्या, मोबाइलची कटकट कमी होईल. त्याच फोनवरून १९०९ लावून जाहिरातींचे कॉल बंद करायची नोंदणी करता येते. आणि हो, लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य, हा नियम १५ जानेवारी २०२१ पासूनचा. ‘नंबर लागत नाही’ म्हणणारे निम्मे लोक तो विसरलेले असतात.

बिल कमी करायचं तर ते ओटीटीत आहे. तुमच्या पत्रातल्या प्लॅनमध्ये बारा ॲप दिसतात, त्यातली तुम्ही दोन बघता. तोच वेग ओटीटीशिवाय कितीला, हे कस्टमर केअरला विचारा आणि आकडा मेसेजवर मागवून घ्या. मोठ्या टीव्हीवर फोर-केसाठी २५ एमबीपीएस भरपूर झाले, त्यामुळे एका टीव्हीच्या घराला ३०० ची गरज नाही. सहा महिन्यांचे एकदम भरून एखादा महिना फुकट मिळत असेल तर घ्या, पण भाड्याच्या घराचा करार संपत आला असेल तर महिन्याचंच भरा. नव्या इमारतीत त्या कंपनीची तार पोचलेली असेलच असं नाही.