पीस कापून बघ

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा रंकाळ्यावर फिरताना तुझे बाबा भेटले. चौथ्या कंपनीनंही नाही म्हटलं आणि आता पाचव्या मुलाखतीला जायचंच नाही असं तू ठरवलंयस, हे त्यांच्याकडून कळलं. फोन केला असता तर ‘काका, मी बरी आहे’ म्हणून तू विषय संपवला असतास. म्हणून हे पत्र.

शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, माझी तीस वर्षं गेली. तिथं ‘रिजेक्शन’ हा शब्द रोज सकाळी पहिल्या चहाच्या आधी कानावर पडतो. कालच्या हीटमधले, म्हणजे भट्टीच्या एका ओतणीतले, किती पीस वाया गेले आणि कशानं गेले, हे फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं. पण मी नवा होतो तेव्हा मला तो फळा बघायचीसुद्धा भीती वाटायची. त्या भीतीपोटी मी काय केलं, ते आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

पंपाच्या केसिंगचं काम चालू होतं. जुलै महिना, आठवडाभर पावसाची झड. मशीनिंगला गेलेल्या पन्नासातले अठरा पीस परत आले. वरून बघावं तर एकदम साफ, पण टूलनं वरचा थर काढला की खाली भोक. कोअरचं, म्हणजे पीस आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात बसवायच्या वाळूच्या गाभ्याचं, काम माझ्याकडे होतं आणि साहेब त्या दिवशी बाहेरगावी होते. मी ते अठराच्या अठरा पीस संध्याकाळी भट्टीच्या भंगारात टाकले. सकाळच्या पहिल्या चार्जला ते वितळून गेले आणि माझ्या जिवात जीव आला. आठवड्यानं पुढच्या लॉटमधले एकवीस परत आले.

तेव्हा आमच्या जुन्या मिस्त्रींनी त्यातला एक पीस उचलला, हॅक्सॉ मशीनवर आडवा कापला आणि माझ्या हातात दिला. ‘बोट घाल आत.’ मी घातलं. भोकाची आतली भिंत गुळगुळीत होती, काचेसारखी. ‘खरबरीत लागली असती तर मेटल कमी पडलं म्हटलं असतं, रायझर, म्हंजे साच्यातला जादा मेटलचा साठा, वाढवला असता. ही गुळगुळीत हाय. म्हंजे हवा अडाकलिया. आता सांग, हवा आली कुठनं?’

मग आम्ही उलटं चालत गेलो. वाळूतला ओलावा तपासला, तो बरोबर निघाला. मग कोअर. रात्रपाळीत झालेले कोअर खिडकीखालच्या रॅकवर सकाळपर्यंत पडून राहायचे आणि पावसाची दमट हवा पीत राहायचे. त्यावर तेराशे-चौदाशे अंशांचं लोखंड ओतलं की त्या ओलाव्याची वाफ व्हायची, तिला बाहेर पडायला वाट मिळायची नाही आणि ती आतच अडकायची. आम्ही रॅक भट्टीच्या बाजूला हलवला, मोल्डमध्ये बसवण्याआधी कोअर पुन्हा तापवायला लागलो. भोकं बंद झाली.

मला जन्मभर बोचत राहिलं ते एवढंच, की पहिल्या अठरा पिसांतही हेच उत्तर होतं आणि मी ते स्वतःच्या हातानं वितळवलं होतं. ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ असं शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं ना, ते मला पटत नाही. ते अठरा पीस कसलीच पायरी नव्हते, निव्वळ तोटा होता. एकविसातला एक कापला तेव्हा कुठं पायाखाली काहीतरी आलं.

बाळ, तू चारही नकार असेच भट्टीत टाकलेस. मेल आला, डिलीट केला, दार लावून घेतलं. आज रात्री वही घे आणि एकेक मुलाखत आठवून कापून बघ. कुठल्या प्रश्नाला अडखळलीस? तिथं आत खरबरीत लागतं की गुळगुळीत? येतच नव्हतं, वाचलंच नव्हतं, तर मेटल कमी पडलं. त्याला अभ्यास हा उपाय, आणि तो तुला जमतो. पण बाबा म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी तुला लिमिट्स आणि फिट्सवर, म्हणजे दोन भाग किती सैल-घट्ट बसावेत त्याच्या मापांवर, विचारलं आणि तू गप्प बसलीस. अगं, तेच तू गेल्या दिवाळीत आमच्या सोप्यात बसून धाकट्याला अर्ध्या तासात समजावून दिलं होतंस! ते येत होतं, आत अडकलं. त्याला आणखी चार पुस्तकं वाचून काही होणार नाही. अनोळखी माणसासमोर तोंड उघडायचा सराव करावा लागेल.

तिसराही एक प्रकार असतो. पीस चांगला असतो आणि तो तपासायचा गेजच, म्हणजे मापच, चुकलेला असतो. जागा आतल्याच माणसासाठी ठेवलेली असते किंवा त्यांना पाच वर्षांचा अनुभव हवा असतो. अशा वेळी एकदा नम्रपणे विचारायचं. आपल्या राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकला कुस्तीत सहावे आले होते. 1952 च्या निवडीत त्यांना डावललं गेलं, तेव्हा ते घरी बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावायला लावली आणि ती जिंकली. मग कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. हेलसिंकीहून खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. त्यांनी दादच मागितली नसती तर घर गहाण ठेवायचा प्रश्नच आला नसता.

भीती जाईल असं मी तुला सांगणार नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे आठव. 2023 मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत तो पुढं होता. उभ्यानं नेम धरायच्या टप्प्यात एक गोळी 7.6 वर गेली आणि तो चौथा आला. त्याच्या आदल्या वर्षी कैरोच्या जागतिक स्पर्धेतही चौथाच. 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला त्याला त्याच टप्प्यात, तसंच उभं राहून, पुन्हा ट्रिगर ओढायचा होता. ती 7.6 त्याला आठवत नसेल असं मला वाटत नाही. गुडघ्यावर आणि पालथं झोपून मारण्याचे टप्पे झाले तेव्हा तो पहिल्या तिघांत नव्हता. उभ्यानं मारता मारता वर आला. 1 ऑगस्ट 2024, 451.4 गुण, कांस्य. त्या दिवशी मी टीव्हीसमोर हात जोडून बसलो होतो.

पाचवी मुलाखत बुधवारी आहे असं बाबा म्हणाले. रविवारी सकाळी नऊला घरी ये, येताना ती वही आण. माझे एक जुने सहकारी येणार आहेत, क्वालिटीत होते. त्यांना तू ओळखत नाहीस, म्हणूनच बोलावलंय. ते टेबलाच्या पलीकडे बसून तुला तासभर विचारतील आणि मी मध्ये बोलणार नाही. अडखळलीस तर तिथंच थांबू, कापू, बघू. काकूनं थालीपीठ करायचं ठरवलंय, तेव्हा नाश्ता करून येऊ नकोस.

तुझा,
काका